फुकट सॉफ्टवेअरची किंमत कोण मोजते?

'सॉफ्टवेअर तर फुकटच आहे. सोर्स कोड नेटवर खुला आहे. बिल्ड करून घ्या.'

शाळांना, पॉलिटेक्निकच्या मुलांना आणि वस्तीतल्या अभ्यासिकांना रोबोटिक्सचे किट देताना हे वाक्य हमखास ऐकवले जाते. ऐकवणारा बहुतेक वेळा मनापासून बोलत असतो. तरीही हे वाक्य अर्धवट आहे, आणि त्याच्या अर्धवटपणाचा भुर्दंड गरीब घरातली मुले भरतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड. केले तेव्हा संगणकाशी माझा संबंध टायपिंगपुरता होता. पण लहान शाळेत कामे वाटून घ्यावी लागतात. संगणक खोलीची चावी गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. डिप्लोमाला गेलेले आमचे जुने विद्यार्थी प्रोजेक्टमध्ये अडले की संध्याकाळी तिथेच येऊन बसतात. म्हणून एका भाषाशिक्षिकेला एआरएम बोर्ड, लिनक्स आणि रोबोटचे सॉफ्टवेअर यांच्याशी झगडावे लागले. किट कोणी दिले, कोणाकडून घेतले, ही नावे मी घेणार नाही. प्रश्न एका देणगीदाराचा नाही, पद्धतीचा आहे.

बिल्ड करणे म्हणजे भाषांतर करणे

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगते. माणसाने लिहिलेला प्रोग्राम, म्हणजे सोर्स, मशीनला जसाच्या तसा कळत नाही. कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्राम त्याचे मशीनच्या भाषेत भाषांतर करतो. या कामाला बिल्ड करणे म्हणतात. ऑफिसातल्या बहुतेक कॉम्प्युटरमध्ये इंटेल किंवा एएमडीची चिप असते, तिची भाषा वेगळी. मोबाइलमध्ये आणि तळहाताएवढ्या स्वस्त बोर्डांमध्ये एआरएम चिप असते, तिची भाषा वेगळी. एआरएममध्येही ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन बोली. एकीसाठी केलेले भाषांतर दुसरीला चालत नाही.

आता असे समजा, एक मोठा ग्रंथ आहे. एका भाषेच्या वाचकाला तो छापून, बांधून, घरपोच मिळतो. दुसऱ्या भाषेच्या वाचकाला सांगितले जाते, 'मूळ प्रत ग्रंथालयात सर्वांसाठी खुली आहे, भाषांतर तुमचे तुम्ही करा.' तो बिचारा भाषांतराला बसतो. पहिल्याच पानावर लिहिलेले असते, हे समजण्यासाठी आधी अमुक वीस पुस्तके वाचा. त्यातली बारा त्याच्या भाषेत मिळतात. पाच मिळतात, पण जुनी आवृत्ती. तीन मिळतच नाहीत. आणि त्या तिघांच्या पहिल्या पानावर पुन्हा आणखी पुस्तकांची यादी.

या वीस पुस्तकांना सॉफ्टवेअरच्या जगात डिपेंडन्सी म्हणतात. उर्दूत त्यासाठी मला 'मोहताजी' हाच शब्द सुचतो. एक प्रोग्राम दुसऱ्याचा मोहताज, दुसरा तिसऱ्याचा. साखळीतली एक कडी नसली की सगळेच ठप्प.

दोन्ही वाचकांना ग्रंथ 'खुला' होता, हे खरे. पण दोघांना तो सारखाच मिळाला, असे कोणी म्हणाले तर आपण त्याला काय म्हणू?

दोष चिपचा नाही, निवडीचा आहे

आरोप करायचा तर नेमका करावा. रोबोटसाठी सर्वाधिक वापरली जाणारी खुली प्रणाली म्हणजे रोबोट ऑपरेटिंग सिस्टिम, थोडक्यात रॉस. २००७ पासून ती अमेरिकेत आकाराला आली, कॅलिफोर्नियातल्या विलो गॅरेज या संस्थेत वाढली आणि जगभर पसरली. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र स्पर्धेतही विद्यार्थी ती वापरतात. नावात ऑपरेटिंग सिस्टिम असले तरी प्रत्यक्षात ती लिनक्सवर बसणारी शेकडो छोट्या पॅकेजेसची जमात आहे. कॅमेरा, चाके, नकाशा, सेन्सर यांचे प्रोग्राम एकमेकांशी बोलतात ते तिच्यामुळे.

रॉसची प्रत्येक आवृत्ती लिनक्सच्या ठरावीक आवृत्तीशी बांधलेली असते. २०२२ ची हम्बल उबुंटू २२.०४ शी, २०२४ ची जॅझी उबुंटू २४.०४ शी. कोणत्या मशीनला किती आधार मिळेल, याच्या श्रेणी रॉसवाल्यांनी जाहीर केलेल्या आहेत. पहिल्या श्रेणीला तयार, तपासलेली पॅकेजेस मिळतात. तिसऱ्या श्रेणीला सोर्स मिळतो, बाकी तुमचे तुम्ही. ६४ बिट एआरएम आणि योग्य उबुंटू ही जोडी पहिल्या श्रेणीत आहे. म्हणजे एआरएम बोर्ड घेतला की डोकेदुखी ठरलेलीच, असे मुळीच नाही. बोर्ड, त्याची ऑपरेटिंग सिस्टिम आणि रॉसची आवृत्ती जुळली तर काम अर्ध्या तासात सुरू होते.

मग अडते कुठे? न जुळणाऱ्या जोड्यांमध्ये. आणि स्वस्तात घेतलेल्या, शिल्लक राहिलेल्या किंवा नुसते नाव बघून निवडलेल्या किटमध्ये जोडी जुळत नाही, हाच अनुभव जास्त.

रास्पबेरी पायचेच बघा. त्याच्या तिसऱ्या पिढीत, २०१६ मध्ये, ६४ बिट चिप आली. पण त्याच्या अधिकृत ऑपरेटिंग सिस्टिमची ६४ बिट आवृत्ती पक्की होऊन बाहेर पडायला फेब्रुवारी २०२२ उजाडला. मधली सहा वर्षे बहुसंख्य लोक ६४ बिट चिपवर ३२ बिट सिस्टिम चालवत होते, आणि ३२ बिट एआरएम रॉस २ च्या तिसऱ्या श्रेणीत. शिवाय ही अधिकृत सिस्टिम डेबियनवर आधारलेली. हम्बलसाठी डेबियनही तिसऱ्या श्रेणीतच. म्हणजे बोर्ड बॉक्समधून काढून, बनवणाऱ्यानेच दिलेली सिस्टिम टाकून सरळमार्गाने निघालेला विद्यार्थी थेट 'सोर्समधून बिल्ड करा' या पाटीवर जाऊन आदळतो. २०२३ मध्ये पाचवी पिढी आली. तिला उबुंटू २२.०४ चा आधारच नव्हता. म्हणजे सगळ्यात नवा बोर्ड घेणाऱ्याला त्या वेळची सगळ्यात रुळलेली हम्बल तयार मिळत नव्हती.

दुसरे उदाहरण एनव्हिडियाच्या जेटसन नॅनोचे. २०१९ मध्ये ९९ डॉलरला आलेला हा बोर्ड कॅमेऱ्यातून वस्तू ओळखणाऱ्या रोबोटसाठी लोकप्रिय झाला. त्याची अधिकृत सिस्टिम उबुंटू १८.०४ वरच थांबली. त्यात पायथॉन ३.६ आणि सीमेक ३.१०. पुढच्या काळातली पॅकेजेस यापेक्षा नवे पायथॉन, नवे सीमेक मागतात. सिस्टिम बदलावी, तर बोर्डाची खरी ताकद असलेल्या ग्राफिक्स चिपचे ड्रायव्हर त्या जुन्या सिस्टिमशी बांधलेले. सिस्टिमचे पायथॉन उपटून नवे बसवावे, तर सिस्टिमची स्वतःची अवजारे मोडण्याची भीती.

ही सगळी माहिती गुप्त नाही. खरेदी करणाऱ्याने बिल फाडण्याआधी तासभर वाचन केले असते तर कळली असती. तो तास वाचवला जातो, आणि मग त्याच्या बदल्यात मुलांचे शेकडो तास जातात.

खोलीत प्रत्यक्ष काय घडते

मुलांच्या पडद्यावर काय दिसते, ते सांगते. सोर्स उतरवला. प्रत्येक पॅकेजसोबत एक फाइल असते, तिच्यात ते कोणाकोणाचे मोहताज आहे याची यादी. रॉसडेप नावाचे अवजार ती यादी वाचते आणि तुमच्या सिस्टिममध्ये त्या वस्तूचे नाव काय, हे एका सामायिक कोशात शोधते. कोशात तुमच्या सिस्टिमची नोंदच नसेल तर ते सांगते, या नावाचा अर्थ सापडला नाही. शब्दकोशात शब्द नाही म्हणून वस्तू नाही, असे नसते. कधी ती दुसऱ्या नावाने हजर असते, कधी जुनी असते, कधी खरोखरच नसते. हे तीन प्रकार वेगळे ओळखायला अनुभव लागतो. मुलांना तिन्ही वेळी एकच लाल ओळ दिसते.

समजा, हे पार पडले. बिल्ड सुरू झाले. कोलकॉन हे अवजार एकाच वेळी अनेक पॅकेजेस हातात घेते. सी-प्लस-प्लसची एकेक मोठी फाइल कंपाइल होताना शेकडो एमबी मेमरी खाते. बोर्डात मेमरी एक जीबी. चार कामे एकदम सुरू झाली की मेमरी संपते आणि लिनक्स स्वतःला वाचवण्यासाठी कंपायलरलाच ठार करते. पडद्यावर शब्द येतो, 'किल्ड'. कोणी मारले, का मारले, काही नाही. आमच्याकडच्या नववीतल्या एका मुलीने घाबरून विचारले होते, 'टीचर, बोर्ड मेला का?'

बोर्ड मेलेला नसतो. उपाय आहेत आणि ते साधे आहेत. एका वेळी एकच काम चालवायचे. कार्डावर जागा काढून तिला मेमरीसारखी वापरायची, म्हणजे स्वॅप वाढवायचा. नको असलेली पॅकेजेस वगळायची, त्यासाठी त्यांच्या फोल्डरमध्ये कोलकॉन-इग्नोर नावाची एक रिकामी फाइल ठेवली तरी पुरते. छोट्या रोबोटला पडद्यावर त्रिमिती चित्रे दाखवणारी पॅकेजेस बोर्डावर लागतातच कशाला? ती वगळली की निम्मी मोहताजी तिथेच सुटते.

पण हे उपाय सांगणारे माणूस शेजारी लागते, किंवा समजेल अशा भाषेत लिहिलेला कागद लागतो. दोन्ही नसेल तर काय होते याचा हिशेब करा. आठवड्याला दोन तासिका, म्हणजे जेमतेम सव्वा तास. एका कामाच्या हिशेबाने सावकाश चालणारे बिल्ड सहा तासांचे धरले तर एकच फेरी संपायला महिना जातो. मध्ये वीज गेली, कार्ड बिघडले किंवा एक डिपेंडन्सी कमी निघाली तर आणखी एक महिना. वार्षिक परीक्षा येते. किट कपाटात जाते. अहवालात मात्र 'रोबोटिक्स लॅब कार्यान्वित' अशी ओळ कायमची राहते.

आणि मुलांच्या मनात काय राहते? 'हे आपल्या बस की बात नाही.' मला सर्वाधिक संताप येतो तो याच वाक्याचा. कारण ते खोटे आहे. ज्या ठिकाणी मुले अडली, तिथे अनुभवी इंजिनिअरसुद्धा अडतात. फरक एवढाच की इंजिनिअर 'पॅकेज मोडलेले आहे' असे म्हणतो आणि आमची मुलगी 'मलाच येत नाही' असे म्हणते. डिप्लोमाच्या वर्गात तर पुढची पायरी दिसते. ज्याच्या घरी पैसे आहेत तो चालू प्रोजेक्ट विकत आणतो. ज्याच्या घरी नाहीत तो प्रामाणिकपणे बिल्ड करत बसतो आणि तोंडी परीक्षेत अर्धवट रोबोट घेऊन उभा राहतो. गुण कोणाला मिळतात, हे सांगायला नको.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप मला इंजिनिअर मित्रांकडून ऐकू येतो. 'अडचणीतूनच शिकतात. आम्हीही असेच शिकलो.' यात तथ्य आहे, आणि ते मी भाषाशिक्षिका म्हणून मान्य करते. एररचा मजकूर हा वाचायचा उतारा आहे. शेवटची ओळ परिणाम सांगते, कारण बहुधा वर कुठेतरी पहिल्या लाल ओळीत असते. काय हवे होते, कोणाला हवे होते, कुठे शोधले, हे तीन प्रश्न विचारले की निम्मी वाक्ये उलगडतात. हे आकलन मी मुलांना मुद्दाम शिकवते. पण उतारा शिकवताना मी मुलांसमोर त्यांच्या पातळीचा उतारा ठेवते. पहिल्याच दिवशी शंभर पानांचा, अनोळखी भाषेतला, मधली पाने फाटलेला ग्रंथ हातात देऊन 'झगडा, शिकाल' म्हणणे ही तालीम नव्हे. 'आम्हीही असेच शिकलो' म्हणणाऱ्यांच्या खोलीत बहुधा चोवीस तास इंटरनेट होते, हॉस्टेलला सीनियर होता आणि इंग्रजी वाचायची सवय होती. त्या डिपेंडन्सी त्यांना मोजाव्याच लागल्या नाहीत, कारण त्या आधीच बसवलेल्या होत्या.

दुसरा आक्षेप, 'डॉकर वापरा, सगळे आतच मिळते.' बरोबर. ६४ बिट बोर्डावर तयार कंटेनर घेणे हा सोर्समधून बिल्ड करण्यापेक्षा पुष्कळ चांगला रस्ता आहे आणि रॉसची अधिकृत माहितीही रास्पबेरी पायसाठी तो सुचवते. पण ते कंटेनर आकाराने बरेच मोठे असू शकते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ते उतरवायचे कोणी? हा रस्ता चांगला आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तो पेन ड्राइव्हवर टाकून किटसोबत का दिला नाही? सल्ला देणे आणि सोय करणे यात अंतर आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यात रास्त. 'सहावी-सातवीच्या मुलांना रॉस हवेच कशाला? रेषेवरून चालणारी गाडी तर आर्डुइनोवर होते.' अगदी खरे. त्याला ना उबुंटू लागते ना डिपेंडन्सी. साध्या लॅपटॉपवरून प्रोग्राम चढवला की गाडी चालते. बहुतेक शाळांसाठी तेच पुरेसे आहे. मग महागडे एआरएम बोर्ड घेतले का जातात? कारण माहितीपत्रकावर 'एआय' आणि 'रोबोटिक्स' हे शब्द उठून दिसतात, आणि उद्घाटनाच्या फोटोत एलईडी लुकलुकणारी गाडी फिकी वाटते. मुलांना काय पेलेल यापेक्षा पाहुण्यांना काय दिसेल, यावर खरेदी ठरते.

अभिमानाचे फॉरवर्ड आणि हुनैनची वही

आता थोडे आपल्या लोकांशी. रोबोटचा विषय निघाला की व्हॉट्सअ‍ॅपवर अल-जझरीचे चित्र फिरू लागते. हत्तीचे घड्याळ, आपोआप चालणारी वाद्ये, 'रोबोटिक्सचा बाप मुसलमान होता.' दियारबकीरच्या अर्तुकी दरबारात काम करणाऱ्या अल-जझरीने १२०६ मध्ये पन्नास यंत्रांचा ग्रंथ पूर्ण केला, हे खरे आहे. पण त्याचे खरे मोठेपण फॉरवर्डमध्ये नसते. आधीच्या विद्वानांनी वर्णन केलेली यंत्रे त्याने तपासून पाहिली. जी रचना हाताने करून बघितलेली नाही तिच्याबद्दल शंका उरतेच, अशी त्याची भूमिका होती. म्हणून त्याने मापे दिली, धातू आणि लाकूड सांगितले, भाग कोणत्या क्रमाने जोडायचे ते लिहिले, आकृत्या काढल्या. मागाहून येणाऱ्या कारागिराला यंत्र पुन्हा बांधता यावे, हा हेतू. आजच्या भाषेत त्याने सोर्स दिलाच, सोबत चालणारी बिल्डची कृतीही दिली.

त्याच्या साडेतीनशे वर्षे आधी बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक होता. धर्माने ख्रिस्ती, पेशाने हकीम, आणि जालिनूसच्या यूनानी वैद्यकग्रंथांचा भाषांतरकार. आपण आणि इतरांनी जालिनूसची कोणती पुस्तके सुरयानी आणि अरबीत नेली, कोणासाठी नेली, कोणती मिळाली नाहीत, याची त्याने नोंद करून ठेवली. एका ग्रंथासाठी तो इराक, शाम, फिलिस्तीन, मिसर असा फिरला आणि दमिश्कमध्ये त्याला सुमारे निम्माच ग्रंथ सापडला. तेही त्याने लिहून ठेवले. काय आहे आणि काय नाही, हे पुढच्या माणसाला कळावे म्हणून.

मिसिंग डिपेंडन्सीची यादी याहून वेगळी काय असते? अल-जझरीचा आणि हुनैनचा वारसा सांगायचा असेल तर त्यांची ही सवय उचलावी लागेल. ज्या जमातीतले तरुण पुण्यात, बंगळुरूत, दुबईत सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या करतात, त्यांनी शाळेत येऊन 'मोठी स्वप्ने पाहा' असे भाषण देणे पुरे करावे. एक संध्याकाळ बसून, चालणाऱ्या सिस्टिमची एक प्रत कार्डावर उतरवून द्यावी आणि सोबत दोन पाने मराठीत, दोन पाने उर्दूत लिहून द्यावीत. कोणता बोर्ड, कोणती सिस्टिम, काय कमी पडले, कुठे मिळाले. एवढ्याचा सवाब मोठा आहे.

हे अशक्य नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स आणि पायथॉनसारखे विषय मराठी आवाजात उपलब्ध करून दिले आहेत. लॅटिन लिपीतल्या आज्ञा तशाच ठेवून समजावण्याची भाषा आपली ठेवता येते, हे त्यातून दिसते. रोबोटच्या बोर्डांबाबत ते का होऊ नये?

मागण्या

टीका करून थांबणे सोपे असते, म्हणून मागण्या नेमक्या लिहिते.

किट देणाऱ्या संस्थेने, कंपनीने, माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाने खरेदीच्या कागदावर तीन ओळी लिहून घ्याव्यात. बोर्डावर कोणती सिस्टिम, नेमक्या आकड्यासह. रॉसची किंवा अन्य सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती, आणि तिचा आधार कोणत्या वर्षापर्यंत. या जोडीची श्रेणी कोणती. रॉस १ ची शेवटची आवृत्ती नोएटिक, तिचा आधार मे २०२५ मध्ये संपला. यापुढे कोणी शाळेला नवे किट म्हणून ती देत असेल तर का, हे त्याला विचारायलाच हवे.

पुरवठादाराने चालू स्थितीतले कार्ड द्यावे आणि त्याच कार्डाची एक प्रत वेगळी द्यावी. मुलांनी मोडले तर पाच मिनिटांत पुन्हा उभे राहिले पाहिजे. मोडायची भीती असेल तिथे शिकणे होत नाही.

बिल्ड करावेच लागत असेल तर ते एकदा, एका ताकदवान मशीनवर, जाणत्या माणसाने करावे आणि तयार झालेली पॅकेजेस सगळ्या शाळांना द्यावीत. एकाच जिल्ह्यातल्या वीस शाळांनी वीस छोट्या बोर्डांवर तेच भाषांतर वीस वेळा करणे ही निव्वळ उधळपट्टी आहे. पैसा दिसत नाही म्हणून ती उधळपट्टी ठरत नाही, एवढेच.

शिक्षकाचा वेळ खर्चात धरावा. 'मॅडम बघतील' ही ओळ कोणत्याही अंदाजपत्रकात नसते, पण प्रत्येक योजना तिच्यावरच उभी असते.

आणि खुल्या सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. तुमच्या चळवळीबद्दल मला आदर आहे. त्या सोर्समुळेच आम्ही निदान दारापर्यंत पोहोचलो. पण 'सर्वांसाठी' हा शब्द वापरताना एक जीबी मेमरीचा बोर्ड, हॉटस्पॉटचे इंटरनेट आणि मराठी-उर्दू वाचणारी नववीतली मुलगी डोळ्यांसमोर ठेवा. तिच्या मशीनवर ते उभे राहते का, हे कोणीतरी करून बघितल्याशिवाय तो शब्द छापू नका.

कार्यक्रमाला बोलावणाऱ्यांना मी आता एकच अट घालते. फीत नंतर कापा. आधी कोरे कार्ड घ्या, मुख्याध्यापकांसमोर आणि मुलांसमोर त्यावर सिस्टिम चढवा, आणि चाक फिरवून दाखवा. फिरले तर टाळ्या वाजवू. नाही फिरले, तर किट परत न्या आणि काय कमी पडले ते लिहून आणा.